मॅट क्वेलीच्या मयतीला कोण कोण होतं

कॉर्क,
१२ फेब्रुवारी १९८८

प्रिय कॉर्मॅकमामा,

आई गेल्यापासून मी तुला फक्त नाताळात लिहिते, तेही कार्डावर छापलेल्या मजकुराखाली नुसती सही ठोकून. त्यामुळे फेब्रुवारीत माझं पत्र बघून तू ओळखलंच असशील की हिला काहीतरी हवंय. हवंय.

तुला ठाऊक आहे, या विद्यापीठात मी अकरा वर्षं ‘हंगामी’ आहे. हंगाम कुठला ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. बटाट्याला तरी ठरलेला हंगाम असतो. आता इतिहास विभागात एक कायमची जागा निघालीय. २० मे रोजी मी सगळ्यांसमोर व्याख्यान द्यायचं, समितीने ऐकायचं आणि ठरवायचं. जागा मिळाली तर मी माणसात आले. नाही मिळाली तर सप्टेंबरात हातात नारळ, आणि वय वर्षं एक्केचाळीस.

माझा विषय तू विचारलास तर घाबरशील. साध्या भाषेत सांगायचं तर, आपली माणसं आपली गोष्ट कशी सांगतात, वर्तमानपत्रं ती कशी छापतात आणि त्यातून इतिहास किती गाळून घेता येतो. गेली सहा वर्षं मी मयतीच्या याद्या वाचतेय. हसू नकोस. आपल्याकडे प्रत्येक साप्ताहिकात प्रत्येक मयतीला कोण कोण हजर होतं त्याची नावं छापायचे की नाही? मी त्या नावांवरून कोण कुणाशी बोलत होतं, कोण कुणाचं तोंड बघत नव्हतं, ते शोधते. लोक खाणींत सोनं शोधतात, मी मेलेल्यांच्या पाहुण्यांत.

आणि सोनं सापडलंय, तेही तुझ्या गावात. ‘बीकन’, १२ मार्च १९४९, ‘ड्रमकोरा वार्ता’. मॅट क्वेलीची मयत. यादीत मार्टिन ग्लीसन, मग जेर क्वेली, मग कॉन्सिडाइनबाई. जेर, मामा! सख्खा भाऊ, इंग्रजांशी झालेल्या तहावरून यादवी पेटली तेव्हा दुसऱ्या बाजूला गेलेला. मॅट सरकारी वर्दी घालून त्याला आईच्या घरातून धरून घेऊन गेला होता. सव्वीस वर्षं दोघांच्या शेतांत एकच बांध, आणि बोलणं बंद. तो जेर मयतीला आला, असं ‘बीकन’ म्हणतं. म्हणजे समेट झाला, आणि कुठल्याही इतिहासकाराला तो माहीत नाही.

ती ‘ड्रमकोरा वार्ता’ लिहिणारा तू. त्या वेळी शाळेत मास्तर, आणि बेचाळीस वर्षं झाली तरी अजून वार्ता लिहितोसच. तू तिथे होतास. काय झालं ते मला लिही. बारीकसारीक सगळं लिही, काही गाळू नकोस.

तुझी हंगामी भाची,
गोबनेट

*

ड्रमकोरा,
१९ फेब्रुवारी १९८८

चिरंजीव गोबनेट,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा चष्मा नसताना, दोनदा असताना. बेचाळीस वर्षांत ‘सविस्तर लिहा, काही गाळू नका’ असं मला कुणीही म्हटलेलं नाही. ‘बीकन’चा संपादक तर माझ्या मजकुराला कात्री लावताना शीळ घालायचा असं ऐकलंय.

तर ऐक. तळ्यावरून वारा असा येत होता की फादर मीहान यांच्या पुस्तकाची पानं आपोआप उलटत होती. पेटी खाली सोडायची वेळ झाली आणि फाटकाचा आवाज आला. जेर. सहा फुटी माणूस, काळा कोट, बटणं खालपर्यंत लावलेली. दोन्हीकडची माणसं बाजूला झाली. खड्डा खणणाऱ्या टिम बोहनने फावडं खाली ठेवलं. डेलियाने, म्हणजे मॅटच्या बायकोने, तोंडावरची जाळी वर केली. जेर चालत आला, हॅट काढली, पेटीवर हात ठेवला आणि म्हणाला, “मॅट, शेवटी तूच आधी शरण आलास.” मग त्याने डेलियाचा हात हातात घेतला. फादर मीहानना पुढची प्रार्थना सापडेना. मी मास्तर माणूस, पण मीही डोळे पुसले.

एवढं पुरे ना? हवं तर वाऱ्याबद्दल आणखी लिहू शकतो.

इथे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, कोंबड्या अंडी देत नाहीत, दोघांनाही मी समजावून सांगितलंय. मे महिन्यात गावाने माझ्या वार्तांबद्दल एक काचेचं भांडं द्यायचं ठरवलंय. त्यात काय ठेवायचं ते अजून ठरलेलं नाही.

तुझा मामा,
कॉर्मॅक लूबी

*

कॉर्क,
२ मार्च १९८८

प्रिय मामा,

तू माझा देव आहेस, हे लेखी देते.

चौतीस पानं लिहून झाली. “शेवटी तूच आधी शरण आलास” हे वाक्य मी प्रकरणाच्या मथळ्याखाली टाकलंय. ते मी समितीतल्या प्राध्यापक लेहान यांना वाचून दाखवलं. हा माणूस अकरा वर्षांत मला एकदाही ‘सुप्रभात’ म्हणालेला नाही. तो खुर्चीत पुढे सरकला आणि म्हणाला, “हे डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार जिवंत आहे?” मी म्हटलं, जिवंत आहे आणि माझा सख्खा मामा आहे. तेव्हा तो चक्क हसला. त्याचे दात मी पहिल्यांदा पाहिले.

मी इतकी फुगलेय की कोट बसत नाही. गेल्या रविवारी मी घरात एकटीने व्याख्यान म्हणून पाहिलं आणि जेर हॅट काढतो तिथे मलाच रडू आलं. लाज वाटली, मग पुन्हा वाचलं आणि पुन्हा रडले.

दोन बारीक शंका आहेत. त्याने डेलियाचा कुठला हात धरला, उजवा की डावा? आणि ते वाक्य तो मोठ्याने म्हणाला की पुटपुटला? लेहानना बारकावे आवडतात.

आता जवळजवळ कायमची,
गोबनेट

*

ड्रमकोरा,
९ मार्च १९८८

चिरंजीव गोबनेट,

हात कुठला ते लिहू नकोस. खरं म्हणजे तो प्रसंगच लिहू नकोस. मयती सोडून दे, त्या फार झाल्या. त्याऐवजी आपल्या गावच्या दूधडेअरीवर लिही. तिचा इतिहास कुणीही लिहिलेला नाही आणि तिथे फार चुरशीची निवडणूक झाली होती.

सर्दी झालीय म्हणून थोडक्यात लिहितो.

मामा

*

कॉर्क,
६ एप्रिल १९८८

मामा,

तुझी सर्दी बरी झाली असेल अशी आशा आहे. तुझं ते चार ओळींचं पत्र वाचून मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, मामा भावनावश झालाय, जुन्या आठवणींनी खचलाय. मी तुझ्या नावाने मेणबत्तीसुद्धा लावली. ती मेणबत्ती मला परत हवीय.

काल मी दुसऱ्याच कामासाठी जुन्या शाळांच्या तपासणीच्या वह्या चाळत होते. ड्रमकोरा शाळा, ८ मार्च १९४९, मंगळवार. मॅट क्वेलीची मयत अकरा वाजता होती. तपासनीस साहेब लिहितात: “श्री. लूबी साडेनऊ ते तीन वर्गात उपस्थित. भूगोल समाधानकारक. अंकगणित बरे. शिक्षक किंचित भेदरलेले.”

मी आधी स्वतःला समजावलं की साहेबांनी तारीख चुकवली. मग मी पंचांग काढलं. मग चर्चची दफनाची वही मागवली. इतिहासकार म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच इतकी काटेकोर तपासणी केली, आणि ती स्वतःचंच प्रकरण बुडवायला. साहेबांची तारीख बरोबर आहे.

तू वर्गात होतास. अर्ध्या मैलावर. म्हणजे फाटक, हॅट, टिम बोहनचं फावडं, फादर मीहानची पानं, हे सगळं कुठून आलं? व्याख्यानाला सहा आठवडे आहेत. जेर मयतीला आला होता की नव्हता, एवढं एका शब्दात कळव. बाकी काही लिहू नकोस. वारा तर अजिबात नको.

गोबनेट

*

ड्रमकोरा,
११ एप्रिल १९८८

गोबनेट,

नव्हता.

एका शब्दात सांगितलं. आता बाकीचं मला सांगू दे, नाहीतर मी कुणाला सांगणार.

ती यादी कशी बनायची ते तुम्हा विद्यापीठवाल्यांना कुणी शिकवत नाही. ‘बीकन’चा मजकूर मंगळवारी चारच्या बसने जायचा. कंडक्टरच्या हातात पाकीट द्यायचं, नाहीतर त्या आठवड्यात गाव छापूनच येत नसे. आणि मयत छापून आली आणि त्यात एखाद्याचं नाव राहिलं तर तो माणूस तीन वर्षं माझ्याशी बोलायचा नाही. कॅसिडी एकदा राहिला, त्याने पोराला शेजारच्या गावच्या शाळेत घातलं. म्हणून मी, आणि माझ्यासारखे सगळेच वार्ताहर, एक शिस्त पाळायचो. मयतीला गेलो असलो तरी यादी आठवणीने करायची नाही. डोळे मिटायचे, तिठ्यापासून तळ्यापर्यंत रस्त्याने मनातल्या मनात चालत जायचं आणि प्रत्येक दारावरचं नाव लिहायचं. गावातला प्रत्येक माणूस प्रत्येक मयतीला जातोच, मग चूक होणार कशी?

त्या दिवशी तो तपासनीस तीनला गेला. बसला एक तास होता. मी डोळे मिटले आणि चालायला लागलो. ग्लीसनचं दार, मग जेरचं दार, मग कॉन्सिडाइनबाईंचं दार. पेन थांबलंच नाही. जेर जाणार नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मलाही होतं. पण मी माणसं लिहीत नव्हतो, दारं लिहीत होतो. पाकीट दिलं, बस गेली, आणि घरी येऊन चहाचा घोट घेताना मला आठवलं. त्या चहाची चव अजून जिभेवर आहे.

तुझ्या सोन्याच्या खाणीत मामाचा आळस निघाला, दुसरं काही नाही. तुझ्या त्या सहा वर्षांच्या बाकीच्या याद्याही अशाच बनलेल्या असतील, हे सांगायला जड जातंय.

आणि ते पेटीवर हात ठेवणं वगैरे. ते मी का लिहिलं? तू इतक्या आशेने विचारलंस. आणि खरं सांगू, लिहिताना मला फार मजा आली. ते शरण येण्याचं वाक्य मी दाढी करताना रचलं. चांगलं जमलं होतं. तू मथळ्याखाली टाकलंस हे वाचून मी पहिल्यांदा खूश झालो आणि मगच घाबरलो. असा मी माणूस आहे.

माफ कर म्हणत नाही. तुझी आई असती तर तिने मला झाडूने हाणलं असतं.

कॉर्मॅक

*

कॉर्क,
३ मे १९८८

मामा,

तीन आठवडे मी तुला लिहिलं नाही. राग होता हे खरं, पण लिहिलं नाही ते त्यामुळे नाही. राग आला की मला उलट छान लिहिता येतं. या तीन आठवड्यांत मी एकोणतीस याद्या घेऊन नकाशावर बसले. एकोणतीसपैकी चोवीस याद्यांतली नावं रस्त्याच्या क्रमाने आहेत. घर, घर, घर. एके ठिकाणी तर वार्ताहराने सहा महिन्यांपूर्वी मेलेल्या माणसाला हजर केलंय, का तर त्याचं दार अजून तिथे होतं. आणि हे मला सहा वर्षांत दिसलं नव्हतं. त्या यादीवर मी ‘मृतांच्या सामाजिक उपस्थितीविषयी’ असा एक निबंध लिहिलाय. तो छापून आलाय. लोकांनी तो वाचलेला नसावा, एवढाच आधार.

मी ठरवलंय. लेहानना पत्र लिहून व्याख्यान मागे घेते. खोट्या प्रसंगावर उभं राहून कायमची जागा मागण्यापेक्षा खरी बेकार बरी, असं फार थोर वाक्य मी त्या पत्रात लिहिलंय आणि ते चार वेळा सुधारलंय. म्हणजे मीही तुझीच भाची. पाकीट बंद करून टेबलावर ठेवलंय. तिकीट लावायचं बाकी आहे.

तू मला एकच गोष्ट सांग. मी इतके दिवस तुझ्यावर चिडून राहायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. तो आळस तू बेचाळीस वर्षांत कुणाला सांगितला नव्हतास ना? मग जेरने स्वतःचं नाव ‘बीकन’मध्ये वाचलं असेल तेव्हा तो गप्प कसा बसला?

गोबनेट

*

ड्रमकोरा,
६ मे १९८८

गोबनेट,

तिकीट लावू नकोस.

तो गप्प बसला नाही. हे मी तुला गेल्या पत्रात लिहिलं नाही, कारण जेरला मी शब्द दिला होता. तो जाऊन पंचवीस वर्षं झाली, आणि शब्द किती दिवस पाळायचा हे तो बोलला नव्हता.

अंक शनिवारी आला. सोमवारी शाळा सुटली आणि जेर सायकलवरून आला. सायकल भिंतीला टेकवली, अंक खिशातून काढला. मी टेबलाच्या पलीकडे उभा राहिलो, म्हणजे मधे निदान टेबल तरी असावं.

“मी होतो तर,” तो म्हणाला.

मी काहीतरी बोललो असेन. काय ते मला आठवत नाही.

“कुठे उभा होतो?”

आता इथे शहाण्या माणसाने पाय धरले असते. मी म्हणालो, “मागे, दाराजवळ.” त्याने मान हलवली. जणू त्याला तेवढंच विचारायचं होतं. मग दुसऱ्या खिशातून एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. रविवारी डेलियाची मुलगी ब्रीडा ते त्याच्या दारात देऊन गेली होती. सव्वीस वर्षांत त्या घरातलं माणूस त्याच्या दारात पहिल्यांदा आलं होतं. कार्डावर लिहिलं होतं: ‘तुम्ही आलात. मॅटला बरं वाटलं असतं.’

“या बाईला आता मी काय सांगू?” जेर म्हणाला. “तुझ्या नवऱ्याला पुरत होते तेव्हा मी घरात बसून लागवडीचे बटाटे कापत होतो, हे सांगू?”

मी म्हटलं, मी पुढच्या अंकात काहीतरी करतो. त्याने कार्ड उचलून खिशात ठेवलं. मग म्हणाला, आहे तसं राहू दे, आणि कुणाला बोललास तर तुझी मयत मी स्वतः छापून आणीन. दारापर्यंत गेला आणि न वळता त्याने विचारलं, मॅट गेल्याला महिना झाला की चर्चमध्ये त्याच्यासाठी जी प्रार्थना व्हायची, ती मिस्सा कधी आहे.

सहा एप्रिलला होती. त्या दिवशी मी गेलो होतो, गोबनेट, शप्पथ. माणसं मी दोनदा मोजली. जेर मागे, दाराजवळ उभा होता. कुणाचा हात धरला नाही, एक शब्द बोलला नाही, मिस्सा संपायच्या आत निघूनही गेला. पण जूनमध्ये तो विळा घेऊन बांध ओलांडून गेला आणि डेलियाचं गवत कापून आला. पुढच्या वर्षीही. मरेपर्यंत चौदा वर्षं. ती दाराच्या पायरीवर चहा आणि पाव ठेवायची, तो खायचा, कप धुऊन परत ठेवायचा. एवढंच. तू समेट म्हणतेस तो असा होता. यात एकही चांगलं वाक्य नाही, म्हणून मी तुला दुसरा पाठवला.

हे तू सांग. माझं नाव घालून सांग. काचेचं भांडं गेलं खड्ड्यात.

पण आता एक घोटाळा झालाय. डेलिया जिवंत आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची, कान शाबूत. एकोणचाळीस वर्षं ती बाई धरून आहे की जेर मयतीला आला होता. म्हणून काल मी तिला विचारायला गेलो. दीड तास वासरांबद्दल बोललो. शेवटी एवढंच तोंडातून निघालं की गोबनेट कॉर्कला मॅटच्या मयतीवर व्याख्यान देतेय. ती म्हणाली, “मग मी जाणार.” ब्रीडा तिला मोटारीने आणणार आहे. ती पहिल्या रांगेत बसेल, आणि तिच्या तोंडावर तुला सांगावं लागेल की तो आला नव्हता.

सांगितलंस तर तिचं काय होईल, आणि नाही सांगितलंस तर तुझं काय होईल, मला समजत नाही. मी येत नाही. माझे पाय दुखतात, आणि दुखत नसते तरी दुखले असते.

तुझा भित्रा मामा,
कॉर्मॅक

*

कॉर्क,
२३ मे १९८८

प्रिय मामा,

बसून वाच.

सभागृहात साठ माणसं होती. डेलिया पहिल्या रांगेत, निळी हॅट, पर्स मांडीवर. शेजारी ब्रीडा. मी तुझ्या रस्त्याचं सांगितलं, दारांचं सांगितलं, बसचं सांगितलं. तुझं नाव घातलं. लोक हसले, तुझ्यावर कमी आणि माझ्या मृतांच्या उपस्थितीवर जास्त, कारण तो निबंध मी स्वतःच वाचून दाखवला. सगळं छान चाललं होतं. मग ते पान आलं.

मामा, मी नाही सांगू शकले. अकरा वर्षं मी पोरांना शिकवतेय की इतिहासकाराने कुणाचं तोंड बघून लिहू नये. तिने माझ्याकडे बघितलं. मी ते पान उलटलं आणि म्हणाले की जेर क्वेलीच्या बाबतीत यादी ‘काहीशी संदिग्ध’ आहे. मग थेट गवतावर आले. समितीसमोर, माझ्या एकुलत्या एका संधीत, मी टाळाटाळ केली. तूही इतकी वाईट केली नसतीस.

लेहान मूर्ख नाही. प्रश्नांच्या वेळी तो उभा राहिला आणि म्हणाला, “संदिग्ध म्हणजे काय? जेर क्वेली मयतीला होता की नव्हता?”

मी पाण्याचा ग्लास उचलला. तो रिकामा होता. तरी मी प्याले.

“नव्हता,” डेलिया म्हणाली.

ती उभी राहिली. ब्रीडाने तिचा कोपर धरायचा प्रयत्न केला, तिने झटकला. ती लेहानकडे नव्हे, माझ्याकडे बघून बोलली, वर्गात धडा न आलेल्या पोरीकडे बघावं तशी. “नवऱ्याच्या मयतीला बायको आलेली माणसं मोजत नाही, बाई. न आलेली मोजते. मी दाराकडे बघतच होते. तो आला नाही.”

मग सगळं बाहेर आलं. शनिवारी तिने ‘बीकन’ वाचला. आधी संताप आला, कुणीतरी थट्टा केली असं वाटलं. मग यादी पुन्हा वाचली तेव्हा कळलं की हा कॉर्मॅक रस्त्याने चालत गेलाय. तिला कळलं, मामा, पाच मिनिटांत. मला सहा वर्षांत कळलं नाही आणि पगारही मीच घेत होते. ती म्हणाली, “म्हटलं, आता छापून आलंय. आता त्याला आलो नव्हतो असं म्हणता येणार नाही, आणि मला तू आला नव्हतास असं म्हणावं लागणार नाही. म्हणून कार्ड लिहिलं.”

म्हणजे तुला वाटत होतं की तुझ्या चुकीने समेट घडवला. मला वाटत होतं की तो मी शोधून काढला. जेरला वाटत होतं की तो एका विधवेला सांभाळून घेतोय. आणि ती बाई तिघांनाही ओळखून, चौदा वर्षं चहा आणि पाव ठेवून, एकोणचाळीस वर्षं गप्प होती.

लेहानने घसा खाकरला. त्याने अगदी अदबीने विचारलं की त्यांना हे तेव्हाच कळलं होतं, याचा काही लेखी पुरावा आहे का.

“चौदा वर्षं त्याने माझं गवत कापलं,” डेलिया म्हणाली. “ते मी त्याच्याकडून लिहून घेतलं नाही.”

आणि बसली. मी रडले, उघड, नाक पुसत, साठ माणसांसमोर, आणि या वेळी लाजही वाटली नाही. आज सकाळी लेहान माझ्या खोलीत आला. समितीने मला जागा दिलीय. माझे निष्कर्ष सगळे चुकले होते, तो म्हणाला, पण माझे साक्षीदार चांगले आहेत. आणि मग ‘सुप्रभात’ म्हणाला.

जाताना मी डेलियाला मोटारीपर्यंत सोडायला गेले. मी तिला विचारलं की तुझ्यासाठी काही निरोप आहे का, कारण तू एकोणचाळीस वर्षं तिच्यासमोरून मान खाली घालून जातोस. ती सीटवर बसली आणि हॅट काढून मांडीवर ठेवली. मग जे म्हणाली ते मी तुला तिच्याच शब्दांत लिहिते, एकही शब्द न सुधारता:

“त्याला सांग, मला त्याचे आभार मानायचे होते, त्याच शनिवारी. पण फार सरळ पोरगा होता तो. मला कळलंय असं त्याला कळलं असतं, तर त्याने पुढच्या अंकात चूकदुरुस्ती छापली असती.”

तुझी,
गोबनेट